कॉम्पिटिशन आहे का कोणती?

"काय करून राहिली वं? कॉम्पिटिशन आहे का कोणती?"

नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी बाकावर वॉटरकलर घेऊन बसले होते तर शेजारच्या काकू वाकून बघायला लागल्या. म्हटलं नाही काकू, सहजच. "मग विकशील का?" तेही नाही. चेहरा असा झाला त्यांचा, जणू मी नोकरी सोडली.

कागदावर होतं तरी काय, निळ्याचा एक ओघळ, खाली गढूळ हिरवं, पाणी जास्त झालं म्हणून मधोमध फुगलेला कागद. फ्रेम करण्यासारखं अज्जिबात नाही. पण तेवढा वेळ बॉसचा आवाज डोक्यात नव्हता, हे काकूंना कसं दाखवू?

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा २०१६ चा एक अभ्यास आहे (छोटाच आहे, मान्य), ३९ जणांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज जे हवं ते करू दिलं तर साधारण ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालं, आणि आधी चित्रकला येत होती की नाही यानं फारसा फरकच पडला नाही.

आता काकू स्वतः रोज सकाळी दारात रांगोळी काढतात, पाय दुखत असले तरी. ती कोणत्या कॉम्पिटिशनसाठी असते बाप्पा?