खर्ड्याची परीक्षा

मोबाइलवरच्या बागकामाच्या ग्रुपमध्ये माणसाला चेहरा नसतो. जास्वंद असते, अबोली असते, नाहीतर मिरच्यांनी लगडलेली कुंडी. त्यामुळे पन्हाळ्याच्या तबक उद्यानात आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा ओळखी झाल्या त्या अशा : "म्हंजे ते ॲडेनियम तुमचं होय!" नाव विचारायचं बहुतेकांना सुचलंच नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

ग्रुपवर दोन तट आहेत. एक सेंद्रियवाल्यांचा, म्हणजे जीवामृत आणि निंबोळी पेंडवाल्यांचा, दुसरा १९:१९:१९ हे रासायनिक खत चमच्यानं मोजून पाण्यात विरघळवणाऱ्यांचा. शेणखताचा विषय निघाला की रात्री उशिरापर्यंत जुंपते. सतरंजीवर दोन्हीकडचे म्होरके नेमके शेजारी बसले. आम्ही कान टवकारले, तर सेंद्रियवाले काका विचारत होते, "पांढऱ्यात खसखस किती घातलीसा?"

पांढरा रस्सा गडावर न्यायचा म्हणजे धाडसच. त्यात नारळाचं दूध. पुन्हा तापवताना जोराची उकळी आली की फुटतो. पण खतवाल्या काकांनी तो थर्मासमधून गरमागरम आणला होता. जे रविवारीही मटणाला शिवत नाहीत त्यांच्यासाठी अख्खा मसूर होता, भाकरी होत्या, येता-जाता तोंडात टाकायला भडंग होतं. खरी चुरस मात्र खर्ड्याची. जो तो आपल्या कुंडीतल्या मिरचीचा खर्डा घेऊन आलेला. फोटोत मिरचीची लांबी दिसते, तिखटपणा दिसत नाही. शिवाय फोटोखाली अंगठा दाखवायला काही पडत नाही. इथं "लई भारी" म्हणेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलेलं असायचं. फोटोत कधीच न आलेली वाकडी, किडकी वांगीही इथं चिरून, भाजी होऊन आली होती. ती सगळ्यांत आधी संपली.

जेवणानंतर अंबरखान्याकडे चालत गेलो. तिथल्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता, हे कुणीतरी सांगायला घेतलं. गडावर आलं की इतिहास सांगायला कुणीतरी निघतंच. तेवढ्यात कढीपत्त्याच्या काकूंनी विचारलं, "एवढ्या धान्याला किडं लागत नव्हतं काय वो?" झालं, शिवकाल बाजूला राहिला आणि सगळे कडुलिंबाच्या पाल्यावर आले. यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत झालं.

निघताना डब्यांची अदलाबदल झाली. एक चौकोनी स्टीलचा डबा माझ्याकडे आला आहे. कुणाचा आहे ते मला पक्कं माहीत आहे, झाकणावर नाव कोरलंय. पण रिकामा कसा परत करायचा? माझ्या दोडक्याला आत्ता कुठं फुलं लागलीत.