सरांची फक्की आणि तुलूझचा नऊ नंबर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवा असा निरोप आला, तेव्हा ग्रंथालय, स्नेहसंमेलन, गच्चीवरची प्रयोगशाळा असं सगळं लिहायचं मनात होतं. लिहायला बसलो आणि पी.टी.च्या सरांपुढे गाडी जाईना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नोकरीनिमित्त मी फ्रान्समध्ये तुलूझला असतो. विमानं बनवणारं शहर, पण सामन्याच्या दिवशी अख्खं गाव लाल-काळं होतं. इथल्या रग्बी क्लबचा नऊ नंबरचा खेळाडू म्हणजे आंत्वान द्युपों. 1996 चा जन्म, पिरेनीजच्या पायथ्याचं लहानसं गाव, घरचं हॉटेल. गावच्या क्लबातून ओश, मग कास्त्र आणि 2017 पासून तुलूझ. 2021 मध्ये तो जगातला सर्वोत्कृष्ट रग्बीपटू ठरला, त्याच वर्षी क्लबने फ्रान्सचं आणि युरोपचंही विजेतेपद घेतलं. उंची मात्र पावणेसहा फुटांच्या आतच!

सोबती बचावफळी फोडून निघाला, की हा चेंडू यायच्या आधीच त्याच्या आतल्या बाजूला पोचलेला असतो. हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला आमचे सर दिसले.

खो-खोच्या पाटीवर बसवून सर विचारायचे, "आत्ता खो मिळाला तर कुठं जाशील?" उत्तराला उशीर झाला की उठवायचे. दिशा उठण्याआधी ठरली पाहिजे, एकदा घेतली की फिरता येत नाही. खो नुसता ओरडून देणाऱ्यांसाठी त्यांनी युक्ती काढली होती. तळहातावर मैदान आखायची फक्की चोपडायची. डाव संपला की सगळ्यांनी पाठ दाखवायची, पंजा उमटला नसेल तर खो खोटा. आमच्या घरी शर्ट धुताना सरांचा उद्धार व्हायचा तो वेगळाच. मी वर्गात सगळ्यात बुटका. सरांनी कधी त्याचा उल्लेखही केला नाही, थेट खांबाजवळ बसवलं.

2023 च्या विश्वचषकात नामिबियाविरुद्ध द्युपोंच्या गालाचं हाड मोडलं. महिन्याच्या आत डोक्याला टोपी बांधून तो दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उतरला, फ्रान्स 28-29 असं एका गुणाने हरलं. पुढच्या वर्षी सात जणांचं रग्बी शिकून पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण घेतलं. फिजीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याला उत्तरार्धात उतरवलं होतं, तरी दोन ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवणं) त्याचे. मार्च 2025 मध्ये डब्लिनला गुडघा गेला, तेव्हा आमच्या ऑफिसात सोमवारी सुतक होतं.

सर आज असते तर हे सगळं त्यांना फोनवर सांगितलं असतं. मागच्या सुट्टीत शाळेत गेलो, तर मैदानावर पेव्हर ब्लॉक. गाड्या छान लागतात म्हणे. त्यावर सूर कोण मारणार? महोत्सव समितीने मागची पट्टी तरी उकरून माती टाकावी. दोन खांबांचा आणि वर्षभराच्या फक्कीचा खर्च माझ्याकडे.