फिक्सिटीला अरबीत काय म्हणायचं? माझे आठ दिवस

गेल्या मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटचं काम माझ्याकडे आलं. लोखंडी शेडचे खांब, तुळया, बेसप्लेटा. माल सौदीला जाणार होता आणि सोबत उभारणीचं चौदा पानी माहितीपत्रक अरबीत हवं होतं. तोवर माझं पोट जन्मदाखले, निकाहनामे आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रांच्या अरबी भाषांतरावर चाललं होतं. चौदा पानं चार दिवसांत संपली, एक शब्द सोडून. फिक्सिटी.

इंग्रजीत अर्थ सरळ आहे: स्थिर असणं, न हलणं, न बदलणं. फिक्स्डनेस हा त्याचाच भाऊबंद. अरबीत मात्र वहीच्या पानावर चार शब्द झाले: थबात, रुसूख, इस्तिक्रार, जुमूद. चौघांनाही मराठीत ‘स्थिरता’ म्हणून मोकळं होता येतं, पण स्वभाव चार तऱ्हेचे.

रात्री कूलरसमोर बसून मी हान्स वेरचा अरबी-इंग्रजी कोश उघडला. तो अक्षरक्रमाने नाही, धातूंनी लावलेला आहे. शब्द शोधायचा तर आधी त्याची तीन मूळ अक्षरं ओळखावी लागतात. थ-ब-त म्हणजे घट्ट उभं राहणं. त्यातून थाबित, म्हणजे स्थिर. गणितातला स्थिरांक थाबित. जुन्या खगोलशास्त्रात जागचे न हलणारे तारे थाबित आणि फिरणारे ग्रह सय्यारा. आज तोच सय्यारा म्हणजे मोटारगाडी. घरातला वायरचा फोन ‘हातिफ थाबित’, मोबाइलमध्ये ॲप टाकणं म्हणजे तथबीत, आणि पुरावा म्हणजे इथबात.

पुराव्यापाशी मी थबकले. फारसीत थ चा स होतो. थाबित तिथे साबित झाला, थुबूत सबूत झाला, आणि आपल्याकडे येऊन शाबीत आणि शाबूत. ‘डोकं शाबूत ठेव’ असं आई मला लहानपणापासून म्हणत आली आहे. तिला कोण सांगणार की ती अरबी बोलते! मग झोप उडालीच. करार आणि मुक्रर हे क-र-र चे, म्हणजे इस्तिक्रारचे सख्खे. कायम आणि मुक्काम हे क-व-म चे, उभं राहण्याचे. पत्त्यावर आपण मु. पो. लिहितो त्यातला ‘मु.’ तोच, आणि आखातात गेलेल्या पोरांच्या जिवाला लागलेला इकामा, राहण्याचा परवाना, तोही त्याच घरातला. जुन्या मोडी कागदांतले जमादिलावल, जमादिलाखर हे महिने जुमूदच्या धातूचे, गोठण्याचे.

हे सगळं छान होतं, पण माझं काम तसूभरही पुढे सरकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोमिनपुऱ्यात चाचांकडे गेले. त्यांच्याकडे मी सहा वर्षं अरबी शिकले. त्यांनी वही पाहिली आणि एकेका शब्दावर बोट ठेवलं. “बेटा, थबात तारीफ आहे. आम्ही दुआ मागतो, दिलं फिरवणाऱ्या, माझा दिल तुझ्या दीनवर जमवून ठेव. तिथे ‘थब्बित’ येतं. रुसूख झाडाच्या मुळाचं. कुराणात इल्ममध्ये पक्के असलेल्यांना रासिखून म्हटलंय. इस्तिक्रार म्हणजे हलणारं शांत झालं, मुल्कात अमन आला. आणि जुमूद? ती बुराई. माणूस अडून बसला, की जुमूद.” मला डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग आठवला. भिंतीवर मेणबत्ती लावायला सांगून खोक्यात टाचण्या दिल्या की लोकांना ते खोकं फक्त टाचण्यांचं दिसतं, भिंतीवर टाचून त्यावर मेणबत्ती उभी करता येईल हे सुचत नाही. मनाच्या त्या अडून बसण्याला, त्या फिक्स्डनेसला, मी डोळे मिटून जुमूद लिहीन. पण खांबाला? चाचा हसले. “खांबाचं मला काय विचारतेस, खांबवाल्याला विचार.”

हे मला आधीच सुचायला हवं होतं.

युनिटमधले इंजिनिअर भाऊ मला गेटबाहेर तर्री पोह्यांच्या गाडीवर घेऊन गेले. म्हणाले, “ताई, खांब हलून नाही राहिला म्हणजे फिक्सिटी, असं समजून राहिल्या का तुम्ही? तसं नाही ना जी.” खिशातून स्टीलची पट्टी काढली. दोन्ही टोकांना नुसते तळहात लावून दाबली, लगेच मधोमध वाकली. मग दोन्ही टोकं मुठींत आवळून दाबायला सांगितलं. वाकेचना. दोन्ही वेळा टोकं जागेवरच होती. फरक वळण्याचा. बिजागरीसारखं टोक सरकत नाही पण वळू शकतं. फिक्स टोक सरकतही नाही, वळतही नाही. ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्राप्रमाणे दोन्ही टोकं फिक्स असलेला खांब बिजागरीवाल्याच्या चौपट भार घेतो. “म्हणजे पुस्तकात,” त्यांनी पुस्ती जोडली. पुस्तकात अशा खांबाची प्रभावी लांबी, म्हणजे वाकण्याच्या हिशेबात धरायची लांबी, खऱ्या लांबीच्या निम्मी, 0.5 पट धरतात, आयएस 800 हे पोलादी बांधकामाचं भारतीय मानक मात्र 0.65 पट धरायला सांगतं, कारण प्रत्यक्षात शंभर टक्के आवळलेलं टोक कोणाला मिळत नाही. पोह्यांची तर्री तोवर गार झाली होती.

मी खूश होऊन घरी आले, आधारासाठी ‘मस्नद थाबित’, म्हणजे स्थिर टेकू, असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

तीन दिवसांनी ते परत आलं. साइटवरचा इंजिनिअर सीरियाचा होता. त्याने लाल रंगात विचारलं होतं: हा आधार बिजागरीचा आहे का? त्याच्या शिक्षणात ‘थाबित’ आधार म्हणजे जो सरकत नाही तो, सरकणाऱ्या ‘मुतहर्रिक’ आधाराच्या उलट. वळणं रोखल्याची ग्वाही त्या शब्दात नाहीच. म्हणजे कोशाप्रमाणे माझा शब्द बिनचूक होता आणि माझ्या भाषांतराने चौपट ताकदीचा खांब कागदावर साधा करून टाकला होता. पोटात गोळा आला. त्यानेच पुढे आपला शब्द दिला होता: वथाका. आवळून बांधलेपणा.

पुन्हा हान्स वेर. व-थ-क, घट्ट बांधणं, आणि त्यातूनच भरवसा ठेवणं. मीथाक म्हणजे वचन. वथीका म्हणजे दस्तऐवज. तौथीक म्हणजे कागद प्रमाणित करणं, ज्याला चाचा उर्दूत तौसीक म्हणतात. इतकी वर्षं आखातात जाणाऱ्यांच्या प्रमाणपत्रांवर मी हाच धातू लिहीत होते, आणि खांबासाठी तो माझ्या चौघांच्या यादीत आलाच नाही.

शेवटी आधाराच्या प्रकाराला वथाका ठेवलं, बोल्ट आवळण्याच्या क्रियेला तथबीत, आणि पहिल्याच पानावर एक ओळ घातली: टोक सरकणार नाही आणि वळणारही नाही. शब्दावरून पुन्हा वाद होऊ शकतो, त्या ओळीवरून नाही. भाऊंना दाखवली, तर म्हणाले, “हे बेस केलं जी.”

बिल शब्दांच्या हिशेबाने होतं. फिक्सिटी पत्रकात अकरा वेळा आली होती, दर शब्दाला दोन रुपये. बावीस रुपये झाले. मोमिनपुऱ्याला जायचा-यायचा ऑटोच दीडशेला पडला होता.