डेर्नाला कुणी नीट सांगितलंच नाही

पावसाळ्यात सांगलीत आमच्या मारुती चौकात सकाळी पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, दुकान बुडालं. पण त्याआधी काटा, वह्या, तेलाचे डबे वरच्या मजल्यावर गेले होते आणि आई मिरजेला ताईकडे पोचली होती.

आम्हाला वेळेत कळलं होतं. म्हणून 2023 च्या पुरात वाहून गेलेलं लिबियातलं डेर्ना शहर माझ्या डोक्यातून जात नाही.

भूमध्य समुद्रातही चक्रीवादळं होतात. वर्षाला एखाद-दुसरं, 'मेडिकेन' म्हणतात त्यांना. आपल्याकडच्या वादळाला साधारण 26 अंशांच्या वरचा समुद्र लागतो. तिथं त्याहून थंड पाण्यावरही जमतं, कारण उत्तरेकडून आलेली गार हवा वरच्या थरात अडकते आणि खालची वाफ जोरात वर चढते. आकार लहान, जेमतेम काही दिवसांचा खेळ, पण उपग्रहाच्या फोटोत मधला डोळा दिसतो.

सप्टेंबर 2023 मधल्या 'डॅनियल'नं आधी ग्रीस झोडपलं. झागोरा गावात एका दिवसात 750 मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्या सांगलीत वर्षभरातही सहसा एवढा होत नाही! थेसलीतली कापसाची शेतं पाण्याखाली गेली. मग समुद्रावर पुन्हा जोर धरून ते लिबियाला धडकलं. अल-बायदाला 24 तासांत 414 मिलिमीटर.

डेर्नातून जाणारी वाडी, म्हणजे ओढा, एरवी कोरडाच. तिच्यावर 1970 च्या दशकातली दोन धरणं. 11 सप्टेंबरच्या पहाटे दोन्ही फुटली आणि शहराचा मधला भाग माणसांसकट समुद्रात गेला. हजारो मेले. धरणांना धोका आहे, असं अब्देलवानिस आशूर या जलतज्ज्ञांनी 2022 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्या रात्री काहींना घर सोडा म्हटलं, काहींना घरातच थांबा. झोपेतल्या माणसानं कुणाचं ऐकायचं? याचा मला फार राग येतो.

आपली कृष्णा हळूहळू चढते. कोयनेतून सोडलेलं पाणी इथं यायला बरेच तास जातात, तेवढ्यात माणूस निघू शकतो. तरी 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेलीच. पाणी किती चढलंय हे तिथं सगळ्यांना दिसत होतं. बोटीत माणसं जास्त झाली होती. नदीकाठच्या प्रत्येक गावाला पुरेशा बोटी आणि लाइफ जॅकेट जूनच्या आत मिळायला हवीत. हे मी ग्रामसभेत, नगरसेवकाकडे, जिथं जमेल तिथं बोलतो, तुम्हीही बोला.