चिठ्ठी लागते काय, अक्का?

वडगावात आमचं मेडिकल आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी बघते. जुलैतली दुपार, बेळगावचा न थांबणारा पाऊस, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. एक मामा आत शिरले आणि मुठीतला पट्टीचा कापलेला तुकडा काउंटरवर ठेवला.

"अक्का, ह्यातल्या धा दे की."

तुकड्यावर नाव अर्धंच होतं, पण ओळखलं. अल्प्राझोलम, जीव घाबरा होण्यावरची गोळी. डॉक्टरची चिठ्ठी मागितली.

"मेव्हण्याची गोळी ही. त्याला लागू पडली."

ही गोळी 'शेड्यूल एच-वन'मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही अशा औषधांच्या सरकारी यादीतली. 2014 पासून डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. वडिलांच्या काळात ओळखीवर अर्धी पट्टी सहज जायची, खोटं कशाला बोलू. आता नाही म्हटलं की लोक चिडून पुढच्या दुकानात जातात. मामा गेले नाहीत. स्टुलावर बसले. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम, आणि हात छातीवर.

मी घाबरले. आधी हृदयाचंच विचारलं. ईसीजी दोनदा काढला होता, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. (हे एक औषध आपल्याकडे कुठंही विनाचिठ्ठी मिळतं.)

मामांचे घरात दोन माग. सुताचा भाव चढलेला, साडीला उठाव नाही, मुलीचं लग्न तोंडावर. "दिवसा मागाच्या आवाजात काय कळत नाही बघ. रात्री माग बंद झाला की हितं सुरू होतोय," म्हणत त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "आता मरूलालोय असंच वाटतंय. मग गोळी घेतली की थांबतंय."

इथं मला बोलावंच लागलं. असा घाबरण्याचा झटका, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, बहुतेक वेळा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो. गोळीचा असर व्हायला अर्धा तास तरी जातो. म्हणजे झटका उतरतो स्वतःच, आणि नाव होतं गोळीचं. वर तिची सवय लागते ती वेगळीच, आणि एकदम सोडली तर घाबरणं दुप्पट. मामा ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "ह्याच्यावर बोलून उपचार असतात. समुपदेशक असतात, मानसोपचारतज्ज्ञ असतात."

"म्हणजे धारवाडला पाठवूलालीस काय मला?"

आमच्याकडे 'धारवाडला ने त्याला' ही शिवी आहे. तिथलं मनोरुग्णालय जुनं, त्यावरून. 'धारवाडला नाही, मामा,' एवढं समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग दुसरी शंका. "तिथं जायला सरकारी दवाखान्याची रेफर चिठ्ठी लागत असंल की." तेही खरंच. योजनेतून मोठ्या दवाखान्यात जायचं तर रेफर लागतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ. पण स्वतःहून मानसशास्त्रज्ञाकडे जायला आपल्या देशात कुणाचीच चिठ्ठी लागत नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढायचा आणि मानसिक आरोग्य विभागात जायचं. खाजगीत जायचं तर तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, नोंदणीचा आहे का, एवढं विचारायचं. आणि काहीच नको असेल तर फोन आहेच: 14416, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, फुकट.

तिसरी शंका खरी होती. ती त्यांनी हळू आवाजात विचारली. "कन्नडमधून बोलायचं काय?"

मामांना कन्नड येतं. बाजारात, बँकेत, तलाठ्याकडे रोज बोलतात. पण 'जीव घाबरा होतो' हे कन्नडमधून कसं सांगायचं? मला तरी कुठं येतं. सीमाभागात भाषेवरून एवढी भांडणं होतात, पण ही अडचण कुणाच्या भाषणात मी ऐकलेली नाही.

मागच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांवर बसून त्यांनी फोन लावला. मी पडद्याआड उभी, कारण त्यांनीच 'जाऊ नको' म्हटलं होतं. आधी भाषा विचारली. मराठीचा आकडा दाबला, थोडं थांबावं लागलं, मग एक बाई बोलू लागल्या. मामा पहिल्यांदा नुसतं "होय की, होय की" म्हणत राहिले. मग अचानक सगळं बाहेर आलं: सूत, लग्न, गेल्या वर्षी गेलेला भाऊ. भावाचं मला सांगितलं नव्हतं. ना आधार मागितलं, ना चिठ्ठी. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे मात्र सरळ विचारलं गेलं असावं, कारण मामा म्हणाले, "न्हाई ओ, पोरगी हाय माझी." शेवटी श्वास मोजायचे आवाज. आत घ्या, सावकाश सोडा. इकडे मीही नकळत मोजत होते. बाहेर एक गिऱ्हाईक क्रोसिनसाठी ताटकळलं होतं.

त्यादिवशी रजिस्टरात त्यांच्या नावाची ओळ पडली नाही.

दसऱ्याच्या आधी परत आले, मलम न्यायला. फोनवर दुसऱ्यांदा वेगळीच बाई निघाली, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, ह्याचा राग होता. तिनंच प्रत्यक्ष जायला सांगितलं. आता पंधरा दिवसांनी सोमवारी जिल्हा रुग्णालयात जातात, पाऊण तास बोलतात, घाबरल्यावर काय विचार आला ते वहीत लिहून नेतात. झटके येतात अजून, कमी येतात.

"मामी काय म्हणतात?" मी विचारलं.

"तिला सुताचा हिशेब करायला जातोय म्हणून सांगितलंय," ते म्हणाले, आणि वही शर्टाच्या आत सारून सुट्टे मोजू लागले.