लिनोलेनिकचं शिखर गेलं कुठं?

सोलापूरच्या मे महिन्यात यीस्ट २० अंशांवर वाढवायचं म्हणजे सगळी भिस्त शेकरच्या, म्हणजे फ्लास्क हलवत गार ठेवणाऱ्या यंत्राच्या, कॉम्प्रेसरवर. त्या दिवशी मेदाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफचा आलेख आला, तर तीन दुहेरी बंधांच्या लिनोलेनिक आम्लाचं शिखर जवळपास सपाट. एका बंधाचं ओलेइक होतं, दोन बंधांचं लिनोलेइकही होतं. सुरुवातीलाच मोजून घातलेल्या १७ कार्बनी हेप्टाडेकॅनोइकचं शिखर शाबूत होतं, म्हणजे हेक्झेनमध्ये काढताना काही वाया गेलं नव्हतं.

यीस्टकडे स्वतःचं एकच डिसॅच्युरेज (मेदाम्लात दुहेरी बंध घालणारं एन्झाइम), ओल-१. ते ओलेइकपर्यंत आणून सोडतं. पुढचे दोन दुहेरी बंध आम्ही घातलेल्या जनुकांचे: करडईचं फॅड-२, जवसाचं फॅड-३. दोन्ही इकडच्या रब्बीतली पिकं. ही प्रथिनं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलात रुततात. त्यांतल्या हिस्टिडिनांच्या विळख्यात लोहाचे दोन अणू बसतात, इलेक्ट्रॉन सायटोक्रोम बी-५ हे दुसरं प्रथिन पुरवतं. फॅड-२ स्वतःशी जोडी करतं तसं फॅड-३शीही, आणि मिश्र जोडीत लिनोलेइक फारसं बाहेर न पडता पुढच्या एन्झाइमला मिळतं. आम्हाला मोजायचं होतं तेच.

म्हणून ‘जोडी जुळली नाही’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण आधी दोघं पेशीत आहेत का, हे बघायला हवं. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन किती आहे ते पट्ट्यांतून दाखवणाऱ्या चाचणीत, फॅड-२चा पट्टा ठळक, फॅड-३चा पुसट. प्रथिन ओळखण्यासाठी जोडलेला टॅग एन-टोकाला, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला होता, तेव्हा दोष त्याचा नसावा. शेवटच्या, सी-टोकाशी प्रथिनाला रेटिक्युलममध्ये ठेवणारी खूण असते. तिथं टॅग लावला तर ती झाकली जाते आणि प्रथिन भलतीकडेच जाऊ शकतं.

शेकरची तापमान-नोंद काढली. कूलिंग रात्रीच बंद पडलेलं, आत ३०च्या वर. यीस्टला तेवढी ऊब मानवतेच, फ्लास्क छान गढुळले होते; त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. फॅड-३ मात्र उबेत टिकत नाही: त्यावर युबिक्विटिन ही ‘मोडीत काढा’ अशी खूण चढते आणि प्रोटिएसोम हे पेशीतलं प्रथिनं कापणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. थंडीत ते साठतं. वनस्पतीला तेच हवं असतं, गारठ्यात पटल प्रवाही ठेवायला दुहेरी बंध जास्त लागतात. प्रथिनाचं प्रमाण असं तापमानावर हलतं, हे मला या एन्झाइमचं सगळ्यात विलक्षण अंग वाटतं.

खात्रीसाठी ३० अंशांवर प्रोटिएसोम अडवणारं एमजी-१३२ दिलं. साधं यीस्ट ते बाहेर फेकतं, म्हणून त्या फेकणाऱ्या पंपाचं पीडीआर-५ जनुक काढलेला वाण घेतला. फॅड-३चा पट्टा गडद झाला. शेकरच्या दुरुस्तीनंतर २ टक्के गॅलॅक्टोज (घातलेली जनुकं चालू करणारी साखर), २० अंश, ७२ तास: शिखर जागेवर. आता प्रत्येक फ्लास्कमधून ब्लॉटसाठी मिलिलिटरभर वेगळं काढतो, मगच उरलेलं मेदाम्लं मोजण्याजोगी करायला मिथेनॉल-सल्फ्युरिकमध्ये टाकतो.