तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्सुएलोनं ‘नाही’ का म्हटलं नाही?

कॉन्सुएलो व्हँडरबिल्टवरची माझी दीर्घकथा दिवाळी अंकात आली तेव्हापासून भेटेल तो वाचक एकच विचारतो. न्यूयॉर्कच्या रेल्वेसम्राटांची पणती, फ्रेंच-जर्मन शिकलेली, पैशाला तोटा नाही. इंग्लंडच्या त्या उमरावाशी, ड्यूक ऑफ मार्लबरोशी, लग्न करायचं नव्हतं तर सरळ नाही का म्हणाली नाही? आणि लगेच पुढचं वाक्य येतं, ‘आमच्या रखमाबाईंनी तर त्या १८९५ च्या लग्नाच्या आठ वर्षं आधी मुंबईच्या हायकोर्टाला सांगितलं होतं, तुरुंगात जाईन पण नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही.’

रखमाबाईंचं मोठेपण मला पटवून देऊ नका, ते मला पटलेलंच आहे. पण त्यांच्या पाठीशी कोण होतं तेही बघा. खटला उभा राहिला तेव्हा सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या बाजूनं होते, जन्मदात्या वडिलांची मालमत्ता रखमाबाईंच्या नावावर होती, पुढे त्यांच्या मदतीसाठी समितीही झाली. समोर उभा होता तो नवरा, दादाजी, ज्याच्याविषयी त्यांच्या मनात माया नव्हती. कॉन्सुएलोच्या समोर आई होती. अठरा वर्षांच्या त्या मुलीच्या हातात स्वतःचा म्हणावा असा डॉलर नव्हता. पैसा घराण्याचा होता, आणि तो तिच्याबरोबर जाणार होता. लग्नाच्या करारात बीच क्रीक रेल्वेचे २५ लाख डॉलरचे शेअर लिहिले गेले. ड्यूकच्या ब्लेनिम राजवाड्याला त्या पैशाची निकड होती. तिथलं ग्रंथालय विकून झालं होतं, १८८५ साली राफाएलचं चित्र ७०,००० पौंडांना गेलं होतं. या ड्यूकच्या आधी त्याच्या बापानंही एक श्रीमंत अमेरिकन विधवा करून पाहिली होती. माझ्या मनातून न जाणारी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेतल्या रेल्वेनं पश्चिमेचा गहू बंदरावर आणला, तो स्वस्तात इंग्लंडला पोचला, तिथल्या जमीनदारांना कुळांकडून मिळणारा खंड घटला; आणि त्याच रेल्वेच्या नफ्यातून त्या जमीनदारांना सुना मिळाल्या.

आता १८९५ चा उन्हाळा. न्यूपोर्टमधलं तिच्या आईचं घर, मार्बल हाऊस. कॉन्सुएलोचं मन विंथ्रॉप रदरफर्डवर होतं, तसं तिनं आईला सांगितलंही. म्हणजे ‘नाही’ म्हटलं होतं! हे कुणी लक्षातच घेत नाही. आई, अल्वा, म्हणाली की मी त्या माणसाला गोळी घालीन, मला फाशी होईल, आणि ते तुझ्या डोक्यावर असेल. तरी पोरगी बधली नाही. मग घर गप्प झालं. आई खोलीबाहेर येईना. शेवटी आईची एक मैत्रीण आली आणि सांगून गेली की तुझ्या हट्टापायी आईला हृदयविकाराचा झटका आलाय, असंच चाललं तर ती वाचायची नाही. तेव्हा कॉन्सुएलो हो म्हणाली. ६ नोव्हेंबरला चर्चमध्ये ती उशिरा पोचली, कारण रडून सुजलेले डोळे उतरायला वेळ लागला.

मी हा प्रसंग कागदपत्रं वाचून लिहिला असं तुम्हाला वाटतं. कागदपत्रं वाचली, खरं आहे. पण ती खोली मला आधीपासून माहीत होती.

आमच्याकडे द्राक्षबागा आणि बेदाण्याचा धंदा, त्यांच्याकडे घराण्याचं नाव आणि पडायला आलेला वाडा. मला पुढे शिकायचं होतं आणि तो मुलगा मनात भरला नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. आईनं जेवण सोडलं. मग तिचं बीपी वाढलं, डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. मी उशाशी बसले तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. स्वयंपाकघरात मावशीनं माझा हात धरला आणि अगदी हळू, अगदी प्रेमानं म्हणाली, ‘पोरी, तिला काही झालं तर तू जन्मभर कशी जगशील?’ दार सताड उघडं होतं. अंगणात चप्पल होती, स्टँडवर जाणारी गाडी कोपऱ्यावर थांबायची. मी कुठेही गेले नाही. मी आत गेले आणि आईच्या पायावर हात ठेवून हो म्हणाले. संध्याकाळी ती उठून पिठलं करायला लागली.

माझा संसार वाईट झाला नाही, हेही सांगायला हवं. नवरा भला आहे. म्हणून ती संध्याकाळ बरी ठरते का? माझी आई खरंच आजारी होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती नाही.

कॉन्सुएलोला मात्र उत्तर मिळालं. १९२१ मध्ये घटस्फोट झाला होता, पण कॅथलिक चर्चच्या दृष्टीनं ते लग्न रद्दबातल ठरावं म्हणून १९२६ मध्ये अल्वानं साक्ष दिली, मी मुलीवर सक्ती केली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले होते. आईनं सगळ्या जगासमोर कबूल केलं! तेव्हाची मी म्हणायची, हा पश्चात्ताप. आज त्या वाक्याशी माझं भांडण आहे. सक्ती सिद्ध झाल्याशिवाय लग्न रद्द होणार नव्हतं. मायलेकी दोघींनाही तीच साक्ष हवी होती. मग ती कबुली मनापासूनची की कामापुरती? आणि दोन्ही असली तर? ज्या मार्बल हाऊसमध्ये मुलीचा होकार काढून घेतला, त्याच घरात हीच अल्वा १९०९ मध्ये आणि पुन्हा १९१४ मध्ये बायकांच्या मताधिकारासाठी सभा भरवते. तिला खलनायिका करा असं सांगणाऱ्यांना मी काय सांगू? करता आली असती तर कथा कधीच लिहून झाली असती.

कॉन्सुएलोनं म्हातारपणी, १९५२ मध्ये, आपली कहाणी लिहिली. लग्नाच्या सकाळी खोलीबाहेर पहाऱ्याला नोकर उभा होता, असं त्यात आहे. माझ्या कथेत तो नाही, आणि कथा पुस्तकात घेताना प्रकाशकांना तो हवा आहे. पहारेकरी उभा केला की वाचकाला उत्तर मिळतं आणि तो प्रश्न विचारायचा थांबतो. पण तिनं लिहिलेला माणूस मी काय अधिकारानं पुसून टाकू? दोन्ही मसुदे माझ्याकडे तयार आहेत. कुठला पाठवायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.